जुने घर पाडण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घर बांधण्याविषयीचे प्रश्न या सदराकडे वर्षभर येत असतात. दिवाळी उलटली की मात्र नागपूरच्या वाचकांच्या पत्रांत घर पाडण्याविषयीचे प्रश्न एकदम वाढतात, कारण मृगाच्या पावसाआधी नवे जोते वर यावे असा बहुतेकांचा हिशेब असतो. या अंकात त्यांतलेच काही प्रश्न घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे गाळून केवळ वस्तीचा उल्लेख ठेवला आहे.

प्रश्न (महाल) : आमचे वडिलोपार्जित दुमजली घर सागवानी खांबांचे, मातीच्या जोडाईचे आणि कवेलूंच्या छपराचे आहे. वय ऐंशी-नव्वद वर्षे असावे. आम्ही तिघा भावांनी ते पाडून नवे बांधायचे ठरवले आहे. ठेकेदार म्हणतो, “घर तुमचे, जागा तुमची, पाडायला परवानगी कशाला? सोमवारी माणसे आणतो.” त्याचे ऐकावे का?

उत्तर : सोमवारी माणसे आणू देऊ नयेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात नवे बांधकाम जसे येते तसेच अस्तित्वातील इमारत किंवा तिचा भाग पाडणेही येते, आणि विकास हा परवानगीनेच करायचा असतो. तेव्हा जागा स्वतःची असली तरी पाडकाम हा केवळ घरचा मामला राहत नाही. व्यवहारात ही परवानगी नव्या बांधकामाच्या प्रस्तावासोबतच मागितली जाते, म्हणून पहिला माणूस गाठायचा तो वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता; ठेकेदाराची पाळी त्यानंतर येते. आपला भूखंड महानगरपालिकेच्या अखत्यारीत आहे की नागपूर सुधार प्रन्यासाच्या, हे त्यानेच आधी तपासून घ्यावे, कारण आपल्या शहरात १९३६ पासून प्रन्यासाच्या योजनांतले असंख्य भूखंड आहेत आणि चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो.

नव्या घराचा नकाशा मंजूर झाल्याशिवाय जुने घर पाडू नये, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. महालातली जुनी घरे रस्त्याला अगदी खेटून उभी आहेत; त्यांना पुढे, मागे, बाजूला सोडलेली जागा नाही. नव्या घराला मात्र २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू होते, आणि रस्त्याची रुंदी, सोडावयाचे अंतर व भूखंडाचा आकार यांचा मेळ बसवल्यावर हाती किती बांधकाम उरते हे नकाशा मंजूर होईपर्यंत खात्रीने कळत नाही. तिघांच्या बिऱ्हाडांसाठी पुरेल असे वाटलेल्या जागेत दोनच बिऱ्हाडे बसतात असे घर पाडल्यावर लक्षात आले, तर भाड्याच्या घरात राहून भावाभावांत जी ओढाताण सुरू होते ती मी अनेकदा पाहिली आहे.

घर उभे असतानाच त्याची मोजणी करून घ्यावी. जुन्या वस्तीत हद्दीचा दगड क्वचितच सापडतो. घराची भिंत हीच हद्द असते. ती भिंत गेली की ‘आमची जागा आणखी वीतभर पुढे होती’ हे सिद्ध करायला काही उरत नाही. म्हणून नगर भूमापन कार्यालयाकडून मोजणी, वास्तुविशारदाकडून जुन्या घराचा मापासह नकाशा, प्रत्येक खोलीची आणि चारही बाजूंची छायाचित्रे आणि मालमत्ता कराच्या जुन्या पावत्या एका फाइलीत लावून ठेवाव्यात. आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) कोणाची नावे आहेत तेही आत्ताच पाहावे. आपल्या पत्रात तीन भावांचा उल्लेख आहे, बहिणींचा नाही; बहिणी असतील तर त्याही वारस आहेत आणि त्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय घराला हात लावणे कायद्याला धरून होणार नाही, आणि नात्यालाही. जमीन नझुलाची (सरकारी मालकीची) किंवा भाडेपट्ट्याची असेल तर पट्ट्याची मुदत व अटी वाचाव्यात. शेवटची गोष्ट म्हणजे, महाल, इतवारी, सीताबर्डी या भागांत वारसा यादीत नोंदलेल्या वास्तू आहेत. आपले घर किंवा त्याला लागून असलेला वाडा त्या यादीत असेल तर वारसा संवर्धन समितीचा विचार घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

प्रश्न (इतवारी) : आमच्या आणि शेजाऱ्यांच्या घरात एकच भिंत आहे. आमचे घर पाडायचे आहे, त्यांचे तसेच राहणार आहे. शेजारच्या काकू रोज विचारतात, “आमची भिंत तर नाही ना पडणार?” त्यांना काय सांगावे?

उत्तर : काकूंचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि ‘काही होत नाही’ हे त्याचे उत्तर नव्हे. त्यांना आपण असे सांगावे की भिंत पडू नये यासाठी काय काय करणार आहोत ते आम्ही तुम्हाला दाखवूनच कामाला सुरुवात करू.

सर्वप्रथम ती भिंत खरोखर एक आहे का, हे पाहावे. दोन्ही घरांच्या दाराच्या चौकटींपासून आत मापे घेऊन भिंतीची जाडी काढावी, आणि छपराजवळ एखादी वीट उकलून पाहावी. कित्येकदा पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन स्वतंत्र भिंती निघतात, आणि मग काम पुष्कळ सोपे होते. पण दोन्ही घरांच्या तुळया एकाच भिंतीत दोन बाजूंनी शिरलेल्या असतील, तर ती भिंत सामाईक आहे आणि ती पाडण्याचा अधिकार आपल्याला एकट्याला नाही. वीस वर्षे अखंड, निर्वेधपणे मिळत आलेला आधार हा हक्क बनतो, असे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ सांगतो. हा कायदा मुंबई इलाख्यात पुढे लागू झाला. नागपूर ज्या मध्य प्रांतात होते त्या प्रांतासाठी तो मुळातच केलेला होता, म्हणजे आपल्या गल्ल्यांना तो सुरुवातीपासून ओळखतो.

त्यानंतर दोन्ही घरांची एकत्र पाहणी करावी. काकूंच्या घरात आत्ता असलेली प्रत्येक भेग छायाचित्रात यावी, भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी, आणि तयार झालेल्या कागदावर दोन्ही घरांच्या सह्या घ्याव्यात. मोठ्या भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवून ठेवावी. भिंत जराही हलली की काच तडकते. ती तडकली की त्या बाजूचे काम तेवढ्यावरच थांबवून अभियंत्याला बोलवायचे, असे ठेकेदाराशी केलेल्या करारातच लिहून घ्यावे. पट्टी बसवताना काकूंना समोर उभे करावे आणि तिच्याकडे रोज सकाळी एकदा पाहायला सांगावे. ज्याच्या घरात ती आहे त्याच्याइतके दक्ष लक्ष दुसरे कोणी ठेवत नाही.

पाडकामाचा क्रम बांधकामाच्या नेमका उलट असतो. कवेलू हाताने उतरवावेत, आणि आढ्याच्या दोन्ही उतारांवरून सारखेच उतरवत यावे, म्हणजे छपराचा भार एका अंगाला कलत नाही. मग वासे, मग माडीचा पाट, मग तुळया. सामाईक भिंतीत रुतलेली तुळईची टोके हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका गल्लीत मी पाहणीला गेलो असताना कामगारांनी तुळईला दोर बांधून ती हिसका देऊन ओढलेली होती. तुळई आली, पण तिच्याबरोबर हातभर भिंतही आली, आणि पलीकडच्या स्वयंपाकघरातली डब्यांची फळी इकडून दिसू लागली. एक डबा आमच्या बाजूला पडला होता आणि गव्हाचे पीठ मातीत सांडले होते. त्या वेळी फळीपाशी कोणी उभे नव्हते, एवढ्यावर निभावले. तुळई ओढायची नसते. तिला खालून टेका द्यावा, भिंतीलगत करवतीने कापावी, टोक भिंतीतच राहू द्यावे किंवा अगदी सावकाश मोकळे करून काढावे, आणि त्यामागे राहिलेली खोबण त्याच दिवशी विटा व सिमेंटच्या मालाने बुजवावी.

आपल्या घराच्या ज्या आडव्या भिंती सामाईक भिंतीला येऊन मिळतात, त्या मुळासकट काढू नयेत. दोन-तीन फुटांचे तुकडे पायऱ्यांसारखे उतरते ठेवले, तर ते त्या भिंतीला पाठीराख्यासारखे धरून राहतात. जिथे असे तुकडे ठेवता येत नाहीत तिथे लाकडी किंवा लोखंडी तिरके धिरे अभियंत्याच्या नकाशाप्रमाणे, पाडकाम सुरू होण्याआधी लावावेत. नव्या पायाचा चर सामाईक भिंतीच्या कडेने एका दमात सलग खणणे ही सर्वांत घातक चूक होय, कारण या जुन्या भिंतींचा पाया बहुधा उथळ असतो. मीटर-सव्वा मीटरचे तुकडे एकाआड एक खणून, भरून, मगच मधले घ्यावेत. नागपुरात जिथे खाली काळी माती लागते तिथे हे दुप्पट कटाक्षाने पाळावे, कारण ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, आणि पाण्याने भरलेला उघडा चर शेजारच्या पायाखालची जमीन सोडवून नेतो.

उघडी पडलेली भिंत कधीच पाऊस झेलण्यासाठी बांधलेली नसते. मातीच्या जोडाईवर जूनचे दोन पाऊस थेट पडले तरी सांधे वाहून जाऊ लागतात. तिचा माथा आणि तोंड मेअखेर गिलाव्याने झाकून द्यावे, आणि हा खर्च आपला समजावा.

प्रश्न (सक्करदरा) : घर पाडताना वीज लागतेच, म्हणून मीटर राहू द्यावे असे ठेकेदार म्हणतो. नळाचे काय करायचे?

उत्तर : पाडायच्या घराला जोडलेली वीज काम सुरू होण्यापूर्वी बंदच व्हायला हवी. महावितरणकडे वीजपुरवठा कायमचा खंडित करण्याचा अर्ज द्यावा, शेवटचे देयक भरावे, सुरक्षा ठेवीच्या परताव्याची मागणी त्याच अर्जात करावी, आणि खांबावरून येणारी तार काढून नेल्याचे स्वतः पाहावे. मुख्य बटण बंद केले म्हणजे वीज गेली असे होत नाही, कारण बटणापर्यंतची तार जिवंतच असते. कामासाठी वीज हवी असेल तर तात्पुरती जोडणी स्वतंत्र खांबावर, घरापासून दूर घ्यावी. जुन्या गल्ल्यांत आणखी एक गोष्ट आवर्जून तपासावी : आपल्या भिंतीत ठोकलेल्या लोखंडी कोनावरून समोरच्या दोन-तीन घरांच्या तारा आणि केबल गेलेल्या असतात. भिंत उतरवण्याआधी त्या हलवून घ्याव्या लागतात, आणि ते काम खात्याच्या माणसांनीच करायचे असते.

नळजोडणी शहराचा पाणीपुरवठा पाहणाऱ्या ऑरेंज सिटी वॉटर (ओसीडब्ल्यू) कंपनीकडे कळवून मुख्य वाहिनीपाशी बंद करून घ्यावी. धूळ बसवण्यासाठी पाणी लागेल, त्याची सोय टँकरने किंवा बोअरने करावी. गडर लाइनचे (सांडपाण्याच्या वाहिनीचे) तोंड घराच्या शेवटच्या चेंबरपाशी विटांनी बंद करावे, नाहीतर मलबा आत जाऊन साऱ्या गल्लीची लाइन तुंबते. सेप्टिक टँक असेल तर तो यंत्राने उपसून घ्यावा. त्यात माणूस उतरवू नये. टाकीतल्या वायूने क्षणात माणूस जातो, त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो, आणि २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय असे काम करून घेणे हा गुन्हा आहे.

प्रश्न (गांधीबाग) : मी चाळीस वर्षांपासून भाडेकरू आहे. इमारत धोकादायक असल्याची नोटीस महापालिकेने मालकाला दिली आहे आणि मालक म्हणतात, लगेच खोली रिकामी करा, इमारत पडली की तुमचा हक्क संपला. हे खरे आहे का?

उत्तर : यातली दोन विधाने वेगळी करावी लागतील. खोली रिकामी करावी लागेल का, हे नोटिशीवर अवलंबून आहे. हक्क संपला, हे मात्र खरे नाही.

नोटीस स्वतः वाचावी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालची नोटीस इमारत पाडा असेच सांगते असे नाही. ती दुरुस्त करा, आधार देऊन सुरक्षित करा असेही सांगू शकते. राज्यात धोकादायक इमारतींची विभागणी सी-१, सी-२ अ, सी-२ ब आणि सी-३ अशी करतात. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी, सी-२ ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करता येणारी, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. आपली इमारत कोणत्या वर्गात, कोणत्या अभियंत्याच्या अहवालावरून टाकली, त्या अहवालाची प्रत लेखी अर्जाने मागावी. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी याच अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार व्हायलाच हवी होती. ती झाली होती का, हेही विचारावे.

इमारत सी-१ असेल तर माझा आपल्याला कळकळीचा सल्ला आहे की भांडण कागदावर चालू ठेवावे आणि मुक्काम हलवावा. हक्क टिकवण्यासाठी पडत्या छताखाली झोपण्याची गरज नाही, कारण इमारत पाडली गेल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप नष्ट होत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. निघण्यापूर्वी खोलीचे माप महापालिकेच्या अधिकाऱ्यासमोर नोंदवून घ्यावे, भाड्याच्या पावत्या, वीजदेयके आणि शिधापत्रिका सांभाळून ठेवाव्यात, आणि ताबा नोटिशीमुळे तात्पुरता सोडत आहोत असे मालकाला लेखी कळवावे. आपल्या जुन्या कागदांत १९४९ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेशाचा उल्लेख असेल. तेही कागद टाकू नयेत, भाडेकरार किती जुना आहे ते त्यांवरूनच दिसते.

मालकांसाठीही दोन शब्द. महापालिकेचा आदेश नसताना केवळ नवे बांधण्यासाठी भाडेकरूला काढायचे असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ खाली न्यायालयात जावे लागते, आणि बांधकामासाठी पैसा आहे का, नकाशे व अंदाजपत्रक तयार आहेत का, भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा देण्याची हमी आहे का, हे न्यायालय पाहते. नळ तोडणे, जिना काढणे, छपराचे पत्रे उचलणे हा त्यावरचा मार्ग नाही.

प्रश्न (प्रतापनगर) : आमचे घर १९८५ च्या सुमाराचे, तळमजला व पहिला मजला, आरसीसी स्लॅबचे आहे. एक ठेकेदार कामगार लावून पंधरा-वीस दिवस मागतो, दुसरा पोकलेनने दोन दिवसांत संपवतो म्हणतो. दुसऱ्याचा भावही कमी आहे. कोणाला काम द्यावे?

उत्तर : घराच्या चारही बाजूंना घराच्या उंचीहून अधिक मोकळी जागा असेल तर यंत्राचा विचार करता येतो. प्रतापनगरच्या भूखंडांवर ती सहसा नसते, तेव्हा निदान वरचा मजला आणि स्लॅब हातांनी व लहान ब्रेकरने उतरवून, तळमजल्याच्या भिंती व पाया यांसाठीच यंत्र आणावे. मात्र आपण ठेकेदाराची निवड दिवसांवरून किंवा भावावरून करू नये. दोघांनाही एकच प्रश्न विचारावा : छज्जा आधी काढणार की त्याच्यावरची भिंत? जो ‘भिंत’ म्हणेल त्याला काम देऊ नये. खिडकीवरचा छज्जा भिंतीतून बाहेर आलेला असतो आणि त्याच्या मागच्या टोकावर वरच्या भिंतीचे वजन बसलेले असते. तेच त्याला धरून ठेवते. भिंत उतरवली की छज्जा पुढच्या बाजूला उलटतो, आणि त्या वेळी खाली बहुधा विटा गोळा करणारी एखादी बाई असते. बाल्कनीचेही तसेच. तिला खालून टेके देऊन बाहेरच्या कडेपासून आत तोडत यावे लागते.

दुसरी बाब मलब्याच्या ढिगाची. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसे व सामान यांचा भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरलेला असतो. विटांचा मलबा फूटभर उंचीचा साचला की तोच भार ४०० किलोच्या आसपास जातो, आणि ही स्लॅब तर चाळीस वर्षांची, कदाचित आतून गंजलेल्या सळ्यांची. म्हणून वरच्या भिंती तोडताना मलबा दर तास-दोन तासांनी घसरणीवरून खाली सोडावा, स्लॅबवर रात्रभर राहू देऊ नये. भिंती वरून थरथराने उतराव्यात. पायथ्याशी पहारीने खाच मारून अख्खी भिंत आडवी पाडण्याची पद्धत पूर्णपणे बंद झाली पाहिजे. संध्याकाळी काम थांबवताना एकटी उभी भिंत किती उंच ठेवावी याला मानकात मर्यादा आहे : जाडीच्या बावीस पटींहून उंच भिंत आडव्या आधाराशिवाय ठेवू नये. नऊ इंची भिंतीला ही उंची साडेसोळा फूट होते, पण साडेचार इंची भिंतीला अवघी सव्वाआठ फूट, आणि आतल्या खोल्यांच्या भिंती बहुतेक साडेचार इंचीच असतात. ही मर्यादा चांगल्या सिमेंटच्या जोडाईसाठी समजावी, पोखरलेल्या भिंतीसाठी नव्हे.

करारात घराभोवती पत्र्यांचे कुंपण आणि हिरवी जाळी, कामगारांना शिरस्त्राण, बूट व उंचीवर पट्टा, दिवसभर पाण्याचा फवारा आणि रात्री दहा ते सकाळी सहा काम बंद, हे सारे लिहून घ्यावे. कामगारांचा विमा ठेकेदाराने काढल्याची प्रत पहिल्या दिवशी हातात घ्यावी. एप्रिल-मेमध्ये काम असेल तर दुपारी बारा ते चार सुटी द्यावी. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत तापलेल्या स्लॅबवर घण मारणाऱ्या माणसाला चक्कर आली तर तो पडतो तो थेट खाली.

प्रश्न (मानेवाडा) : ठेकेदार घर फुकट पाडून देतो, उलट वीस हजार रुपये देतो म्हणतो, लोखंड, दारे-खिडक्या त्याच्या. मलबा तो कुठे नेतो हे विचारायची मला गरज आहे का? छपराचे काही पत्रे सिमेंटचे आहेत.

उत्तर : विचारण्याची गरज आहे, आणि उत्तर लेखी घेण्याचीही. मलबा ज्या घरातून निघाला त्या घराच्या मालकाची जबाबदारी ठेकेदाराला भंगार दिल्याने संपत नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी पाडकामाचा कचरा जागेवरच काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड व प्लास्टिक, विटा व जोडाईचा माल असा वेगळा करण्याचे बंधन आणले, आणि दिवसाला २० टन किंवा एका कामात महिन्याला ३०० टनांहून अधिक मलबा निघणार असेल तर त्याच्या विल्हेवाटीचा आराखडा आधी मंजूर करून घेण्यास सांगितले. वीस टन हा आकडा मोठा वाटतो, पण दोन टिप्पर भरले की तो गाठला जातो. पुढे २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले आणि त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. त्यांचा मुख्य रोख मोठ्या प्रकल्पांवर असला तरी मलबा नेमून दिलेल्या जागीच पोचवायचा हे तत्त्व तेच आहे. नागपुरात त्यासाठी भांडेवाडीची सोय आहे. महापालिकेच्या झोन कार्यालयात विचारून, शुल्क भरून, प्रत्येक फेरीची पावती ठेकेदाराकडून मागावी. पावती नसेल तर मलबा नाल्याच्या काठी, नाहीतर एखाद्याच्या मोकळ्या भूखंडावर गेला असे समजायला हरकत नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अंबाझरीचे पाणी एका रात्रीत वस्त्यांत शिरले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. नाल्यात टाकलेली प्रत्येक गाडी पाण्याची तेवढी वाट बुजवते.

‘फुकट’ या शब्दात काय बसत नाही, तेही पाहावे. असे ठेकेदार लोखंड आणि लाकूड निघेपर्यंत झपाट्याने काम करतात आणि जोत्याखालचे दगड, सेप्टिक टँक व विटांचा चुरा तसाच टाकून जातात. पाया काढून जागा समतल करून देण्यापर्यंतचे काम करारात असावे, आणि काही रक्कम त्या वेळेपर्यंत आपल्या हाती राहावी. घरातली सागवानी दारे, कोरीव खांब, पितळी कड्या आपल्याला हव्या असतील तर त्यांची यादी आधी करून त्या पहिल्याच दिवशी उतरवून घ्याव्यात.

सिमेंटच्या पत्र्यांबद्दल आपण आपणहून लिहिले हे फार चांगले केले. जुन्या पत्र्यांत ॲसबेस्टॉस असते. पत्रा अखंड असेपर्यंत त्याचा त्रास नाही, पण फुटला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात, श्वासातून फुफ्फुसात रुततात, आणि त्यांचे आजार वीस-तीस वर्षांनी उघड होतात, त्यांत कर्करोगही आहे. पत्रे पाण्याने चिंब करावेत, बोल्ट उलगडून किंवा कापून अखंड खाली उतरवावेत, वरून फेकू नयेत, करवतीने कापू नयेत. कामगारांना कापडी रुमाल पुरत नाही, एन-९५ किंवा त्याहून चांगले मास्क द्यावेत. उतरलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून मलब्यापासून वेगळे ठेवावेत. ते गोठ्यासाठी कोणाला देऊ नयेत.

प्रश्न (धंतोली) : अंगणात जुना कडुलिंब आहे आणि कोपऱ्यात न वापरलेली विहीर. घराबरोबर दोन्ही काढून टाकावे का?

उत्तर : कडुलिंब परवानगीशिवाय तोडता येणार नाही, राज्यात १९७५ पासून नागरी भागातल्या झाडांसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि त्यासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. अर्ज करण्याआधी वास्तुविशारदाला झाड नकाशावर दाखवून त्याच्याभोवती घर बसते का, हे विचारावे. बहुतेक वेळा बसते. झाड ठेवणार असाल तर पाडकामाच्या काळात खोडाभोवती फळ्या बांधाव्यात आणि मुळांवर मलब्याचा ढीग किंवा टिप्परचे चाक येऊ देऊ नये.

विहीर आजच लोखंडी जाळीने झाकावी, कारण कामाच्या गडबडीत तिचा कठडा सर्वांत आधी तुटतो. ती मलब्याने भरू नये. तसा भराव वर्षानुवर्षे खचत राहतो आणि विटांबरोबर गेलेली सगळी घाण खालच्या पाण्यात उतरते. जिवंत झरा असेल तर स्वच्छ करून, गच्चीवरचे पावसाचे पाणी गाळून तिच्यात सोडावे. बुजवणे अगदीच भाग असेल तर पाणी उपसून, तळाशी दगड आणि वर मुरूम थराथराने धुमस करून भरावा, आणि तिची जागा व घेर नव्या नकाशावर ठळक लिहून ठेवावा, म्हणजे संरचना अभियंता नव्या घराचा एकही खांब तिच्यावर येऊ देणार नाही.